सोनाराची लेक आणि कंपनीचा मालक

प्रेमकथांना नाके मुरडणे हा आपल्या जुन्या मराठी घरांतला एक सोज्ज्वळ उद्योग आहे. आणि गंमत अशी की, नाके मुरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या आधी चवीने वाचलेल्या असतात. शिकवणीच्या निमित्ताने बडोद्यातल्या पुष्कळ वाड्यांतून माझे जाणे-येणे असते. पेटी सुरात लागेपर्यंत समोरचे पुस्तकांचे कपाट पाहत बसण्याची मला खोडच आहे. पुढच्या रांगेत दासबोध, ज्ञानेश्वरी, चिपळूणकर. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, फडक्यांचा 'जादूगार' आणि 'दौलत'. पुढच्या रांगेतल्या पुस्तकांची बांधणी कशी ताठ! मागच्यांची मात्र पाठ मोडलेली, पाने सुटलेली, एखाद्या पानावर हळदीचे बोट. कोणते पुस्तक किती हातांतून गेले हे सांगायला ग्रंथपालाची गरज पडू नये.

ज्या घरात मुलीच्या हाती कादंबरी दिसली म्हणून आवाज चढत असे, त्याच घरात तिचे लग्न लांबले की वडीलधारी माणसे आपण होऊन तिच्या हाती एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' देत. नाथांनी ते १५७१ साली काशीत पुरे केले. त्यात आहे काय? न पाहिलेल्या पुरुषावर जडलेले मन, भावाने ठरवलेल्या स्थळाला नकार, विश्वासू माणसाच्या हाती धाडलेले गुप्त पत्र, आणि ऐन लग्नाच्या वेळी देवीच्या देवळातून रथात बसून पलायन. आध्यात्मिक अर्थ आहे खराच, आणि तो मोठा आहे. पण पारायण करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचे लक्ष रथाकडे नसेल असे मला कोणी शपथेवर सांगितले तरी पटणार नाही.

मराठी कादंबरी चालू लागली तीच मुळी या वाटेने. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. पुढे फडके आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने प्रेमकथेला नीटनेटका पोशाख चढवला. 'अल्ला हो अकबर' ही त्यांची पहिली कादंबरी १९१७ ची. ती मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली होती. १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून त्यांनी लेखनाचे तंत्र उघड मांडले. गैरसमज कधी घालावा, उत्कंठा किती ताणावी, गाठ कुठे सोडवावी, याचा विचार गवय्याने आलापीचा करावा तितक्या काटेकोरपणे त्यांनी केला. त्यांच्यामागून आल्या त्या कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे. योगिनीबाई तर स्वतः शास्त्रीय संगीत गाणाऱ्या. आमच्या व्यवसायातल्या म्हणून मला त्यांचा जरा जास्तच अभिमान. कोल्हापूरच्या बाबा कदमांच्या कादंबऱ्यांनी गावोगावची वर्गणीची वाचनालये तगवली. चंद्रकांत काकोडकरांवर तर 'श्यामा' या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेपायी अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. एका प्रेमकथेसाठी देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनाला चष्मा लावून बसावे लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे!

या लेखनावरचा ठरलेला आक्षेप म्हणजे 'तेच तेच'. श्रीमंत तो, गरीब ती, पहिल्या भेटीत भांडण, पावसात अडकणे, चुकीच्या हाती पडलेले पत्र, शेवटी मीलन. आता मला सांगा, यमनात तीव्र मध्यम लागला म्हणून गवयावर कोणी चोरीचा आळ घेतो का? सम कुठे येणार हे श्रोत्याला ठाऊक असते, म्हणूनच तो मान हलवायला तयार बसतो. विलायतेतही हेच. मिल्स आणि बून ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली आणि पुढे फक्त प्रेमकथांवर जगप्रसिद्ध झाली. तिच्या पुस्तकाचा शेवट गोड होणार हे विकत घेतानाच ठाऊक असते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने एका गावातल्या अशा वाचक बायकांशी बोलून १९८४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्या बायकांचे म्हणणे असे की, पुस्तक उघडले की तेवढा वेळ तरी आम्ही कोणाच्या आई नसतो, कोणाची बायको नसतो. तो वेळ आमचा. दुपारी ओट्यावरचे सारे आवरून फडके उघडणाऱ्या आपल्या आज्यांनी याहून वेगळे काय सांगितले असते?

हे सगळे पुन्हा मनात यायला कारण झाली भालकी. माझ्या सौभाग्यवतीचे माहेर तिथले. दत्तजयंतीला हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दरबारात गवई हजेरी लावतात. त्या निमित्ताने माझी वर्षाआड तरी त्या बाजूला फेरी होते. हा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राकडच्या बाजूला आले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. त्या वादात मी शिरत नाही. तो आपल्या वाचकांना पाठ आहे. सांगायचे ते एवढेच की, तिथल्या पुष्कळ घरांत आजही चुलीपाशी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी चालते, आणि कोणाला त्यात काही अवघड वाटत नाही.

मेहुणीची मुलगी कॉलेजात आहे. शाळा सारी कन्नडमधून. मराठी तिला कोणी अक्षर म्हणून शिकवले नाही. हिंदी विषय होता, त्यामुळे देवनागरी लिपी आली. आणि त्या शिदोरीवर ती मराठी वाचते. काय वाचते? मोबाईलवर प्रेमकथा! 'प्रतिलिपी' नावाचे जे ठिकाण आहे ते २०१४ साली निघाले. त्यावर मराठीत लिहिणाऱ्या बायका-मुली रोज एकेक भाग टाकतात आणि वाचणाऱ्या खाली आपले मत नोंदवतात. त्याचे ठाणे बंगळुरात. म्हणजे मराठी प्रेमकथा कर्नाटकाच्या राजधानीतून निघून कर्नाटकातल्याच मराठी मुलीच्या हाती येते; मध्ये पुण्या-मुंबईला कोणी विचारीत नाही.

"काका, सुरुवातीला मला 'ळ' वाचता येत नव्हता," ती मला सांगत होती. "हिंदीत नसतो ना. 'डोळे' आलं की अडायचे. आणि या गोष्टींत तर प्रत्येक ओळीत डोळेच!"

मी हसलो खरा, पण मनात चरकलोही. ज्या भाषेसाठी आपण ठराव करतो, संमेलने भरवतो, तिचे एक अक्षर सीमेवरच्या या मुलीला नायकाच्या डोळ्यांनी शिकवले. मागच्या रांगेतल्या पुस्तकांनीच पुढच्या रांगेचे दार किलकिले केले, म्हणा.

तिने मला दोन-तीन मालिका वाचायला लावल्या. नावे मुद्दाम देत नाही. लिहिणाऱ्या बहुधा वयाने लहान आहेत आणि त्यांचा हिरमोड करण्याची माझी इच्छा नाही. साचा असा: एका मोठ्या कंपनीचा तरुण मालक, देखणा, अबोल, कोणाला भीक न घालणारा. नायिकेच्या वडिलांवर कर्ज. मग कराराचे लग्न. किंवा मोठी बहीण मंडपातून निघून गेल्यामुळे धाकटीला ऐनवेळी बोहल्यावर उभे करणे. किंवा सरळ जबरदस्ती. पुढे साठ-सत्तर भाग ती कुढते, तो गुरगुरतो. एकदा ती आजारी पडते, तो रात्रभर उशाशी बसतो. आणि मग ती त्याच्या प्रेमात पडते. लिहिण्याची शैली कच्ची आहे, पण भाग कुठे तोडावा हे या मुलींना फडक्यांइतकेच चांगले कळते. एका रात्री मीच झोपायला उशीर केला, हे कबूल करतो.

मात्र एक गोष्ट घशाखाली उतरेना. सत्तर भागांत तिला कोणी एकदाही 'तुझी इच्छा काय?' असे विचारीत नाही. शेवटी ती त्याच्यावर प्रेम करू लागते, तेव्हा न विचारल्याचे सारे पाप धुतले गेले असे धरून चालतात. भाचीला हे बोललो तर तिने लगेच उत्तर दिले, "काका, खरंच असा कोणी भेटला तर मी पोलिसात जाईन. ही गोष्ट आहे." उत्तर बिनतोड आहे. पण ती राहते त्या मुलखात याहून जुन्या आणि धीट गोष्टी मातीत पडून आहेत, आणि त्या तिला कोणी सांगितलेल्या नाहीत, याचे मला वाईट वाटले. म्हणून मुक्काम दोन दिवसांनी वाढवला.

पहिली गोष्ट बसवकल्याणची. कल्याणी चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ इथे राज्य करीत होता, आणि काश्मीरहून निघालेला बिल्हण कवी फिरत फिरत त्याच्या पदरी येऊन राहिला. राजाच्या चरित्रपर महाकाव्यात त्याने आपल्या कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे, चंद्रलेखेचे स्वयंवर वर्णिले आहे. या विक्रमादित्याच्या मुलाने, सोमेश्वराने, रचलेल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे कल्याणच्या राजवाड्यापर्यंत बाराव्या शतकात आपल्या बायकांचे गाणे पोचले होते. असो. बिल्हणाची स्वतःची जी दंतकथा आहे, ती मला सांगायची आहे. राजकन्येला काव्य शिकवायला बिल्हणाला नेमतात. राजाला धास्ती. म्हणून मध्ये पडदा लावतात. तिला सांगतात की गुरू कुष्ठरोगी आहे, त्याला सांगतात की शिष्या आंधळी आहे. एका पौर्णिमेला गुरू चंद्राचे वर्णन करू लागतो. तिला वाटते, चंद्र न पाहता याला कसे सुचले? त्याला वाटते, आंधळीला चंद्राची गोडी कशी कळली? पडदा सरतो. पुढे देहदंडाची शिक्षा, आणि वधस्तंभाकडे जाताना रचलेली पन्नास कडवी, ती 'चौरपंचाशिका'. कथेच्या निरनिराळ्या पाठांत राजा आणि राजकन्येची नावे बदलतात. कल्याणीचे म्हणून कोणी ते नोंदलेले नाही. पण कवी कल्याणीचा, म्हणून मी गोष्ट तिथेच, किल्ल्याच्या भिंतीला टेकून सांगितली.

गुरू-शिष्येच्या प्रेमाची ही कथा आमच्या धंद्याला फार महाग पडली आहे! नाटकात, चित्रपटात, कादंबरीत गाण्याचा मास्तर आला की समोर सतारीवर झुकलेली मुलगी आलीच. माझ्या वडिलांनी विलीनीकरणापूर्वीची शेवटची दोन वर्षे, अगदी पोरवयात, दरबारच्या कलावंत कारखान्यात साथ केली, आणि पुढे आयुष्यभर शिकवण्या. शिकवताना ते खोलीचे दार कधी लावून घेत नसत. थंडीत वारा झोंबला तरी नाही. 'दार उघडे असले की सूरही मोकळा राहतो' असे ते म्हणत, पण खरे कारण आम्हां मुलांना कळत असे. मीही दार उघडेच ठेवतो. तरी काही वर्षांपूर्वी एका सुशिक्षित घरातून निरोप आला: मुलगी आता मोठी झाली, गाणे घरीच करील. तिचा गळा दहा वर्षांत एखादाच ऐकायला मिळावा असा होता. मला राग आला तो त्या घराचा नव्हे इतका या घासून गुळगुळीत झालेल्या प्रसंगाचा आला. बिल्हणाच्या गोष्टीत निदान दोघांनाही फसवले आहे हे कथाकार स्पष्ट सांगतो. पडदा लावणारा तिथे शहाणा ठरत नाही.

दुसरी गोष्ट कलबुर्गीची. फिरोजशाह बहामनी १३९७ ते १४२२ तिथे सुलतान होता; कलबुर्गीच्या दक्षिणेला भीमेच्या काठी त्याने वसवलेल्या फिरोजाबादचे अवशेष आजही उभे आहेत. त्याच्या काळची ही हकीकत फरिश्त्याने लिहिली आहे. तो लिहीत होता विजापुरात, सुमारे दोनशे वर्षांनंतर. तेव्हा इतिहास किती आणि कहाणी किती हे ज्याचे त्याने ठरवावे. मुद्गल गावात एक सोनार. त्याची मुलगी, परताल, रूपाने अशी की बोलायची सोय नाही. काशीहून परतणारा एक ब्राह्मण त्यांच्या घरी उतरतो आणि तिची जाण पाहून तिला संगीत शिकवतो. शिकवून तो विजयनगरला जातो आणि देवरायापुढे तिची तारीफ करतो. न पाहताच राजा वेडा होतो आणि त्याच ब्राह्मणाच्या हाती तिच्यासाठी रत्नहार पाठवतो. आईबापांना आभाळ ठेंगणे झाले. सोनाराच्या घरी विजयनगरचा राजा जावई!

मुलीने हार गळ्यात घालू दिला नाही.

तिने कारणही सांगितले. राजाच्या अंतःपुरात गेलेल्या बायकांना पुन्हा आईबाप, गणगोत दिसत नाहीत. दागिन्यांच्या मोलाने मला तुमच्यापासून तुटायचे नाही. आणि आईबापांनी, हे विशेष, तिचे ऐकले. ब्राह्मण रिकाम्या हाती परतला. मग देवरायाने तिला पळवून आणायला फौज पाठवली. ती येण्यापूर्वीच गावकऱ्यांसह सोनाराचे घर रानोमाळ झाले होते. फौजेने परतताना बहामनी मुलूख लुटला, त्यावरून १४०६ चे युद्ध पेटले. देवराय हरला, तहात त्याला स्वतःची मुलगी सुलतानाला द्यावी लागली आणि बंकापूरचा किल्ला आंदण. सोनाराची लेक अखेर फिरोजशाहाचा मुलगा हसनखान याची पत्नी झाली.

हा प्रसंग आजच्या मालिकांशेजारी ठेवून पाहा. श्रीमंत, सत्ताधीश नायक आहे, गरीब घरची देखणी नायिका आहे, मौल्यवान भेट आहे, जबरदस्तीही आहे. कंपनीच्या मालकाच्या गोष्टीत जे जे लागते ते सारे सहाशे वर्षांपूर्वीच्या या हकीकतीत हजर. फरक एकाच जागी. सोनाराच्या मुलीला विचारले गेले, ती 'नाही' म्हणाली, आणि ते 'नाही' आईबापांच्या घरात मानले गेले. राजाने ते मानले नाही म्हणून तो गोष्टीचा नायक न होता त्यातला पराभूत ठरला. शेवटी सुलतानाच्या घरी जाताना तरी तिला कोणी विचारले का, हा प्रश्न आहेच. ती पूर्वीच म्हणाली होती की आपल्या दैवात मुसलमान राजपुत्र आहे, असे फरिश्ता म्हणतो. पण तो सुलतानांच्या बाजूचा लेखक, त्याने ते वाक्य सोयीने घातले असेल असा मला संशय आहे. कथा सांगणारा कोणाच्या पदरी आहे हे पाहून ऐकावी, ही सवय आम्हां दरबारी माणसांच्या घरात लवकर लागते.

बीदरची गोष्ट थोडक्यात सांगितली, कारण किल्ला बंद होण्याची वेळ झाली होती. हाच फरिश्ता बीदरला दमयंतीच्या बापाची राजधानी म्हणतो. आपण विदर्भ म्हणजे वऱ्हाड मानतो, त्यामुळे हे पटण्यासारखे नाही. तरी दमयंती आपली म्हणायला कोणत्या गावाला आवडणार नाही? चार देव नळाचे रूप घेऊन मांडवात बसले असता तिने खरा माणूस ओळखून माळ घातली. रघुनाथ पंडितांचे काव्य आपल्या आज्यांना मुखोद्गत असे. देवांनाही 'नाही' म्हणणारी नायिका. तिच्यापुढे कंपनीचा मालक किस झाड की पत्ती!

भाची हे सारे ऐकत होती. मध्येच वहीत काही टिपून घेई. मी विचारले, काय लिहितेस? तर म्हणाली, तिलाही त्या मोबाईलवरच्या ठिकाणी एक मालिका लिहायची आहे, सोनाराच्या मुलीची. पहिला भाग हार परत पाठवण्याच्या प्रसंगावर तुटणार. शुद्धलेखन तुम्ही तपासा, काका, 'ळ' आणि 'ल' माझे अजून चुकतात. मी हो म्हटले. माझ्या माहितीप्रमाणे पुढले कथासूत्रही सांगू लागलो: १४२२ मध्ये फिरोजशाहाला भावापुढे हार खावी लागली, गादी अहमदशाहाकडे गेली, वारस ठरलेला हसनखान बाजूला पडला, आणि काकाने दिलेल्या फिरोजाबादच्या वाड्यात शिकार-करमणुकीत दिवस काढू लागला. म्हणजे राजपुत्राशी लग्न झाले, पण राज्य मिळाले नाही. गोड शेवटाच्या पलीकडचा भाग. तिला या राजकारणात फारसा रस दिसला नाही.

"ते असू द्या," ती म्हणाली. "लग्नानंतर तिचं गाणं चालू राहिलं का, ते सांगा."